गिअरला कोणी उत्तर लिहीत नाही

सायकलच्या मागच्या चाकाजवळ, उजव्या अंगाला, फ्रेम आणि गिअर यांच्यामध्ये अ‍ॅल्युमिनियमचा एक चपटा तुकडा असतो. त्याला हँगर म्हणतात. वजन वीस-पंचवीस ग्रॅम, लांबी बोटाच्या दोन पेरांएवढी. मोडणं हेच त्याचं काम. सायकल उजव्या कुशीवर आपटली तर महागडी फ्रेम वाचावी म्हणून हा मऊ तुकडा आधी वाकतो, फारच जोर बसला तर तुटतो. तो काढायचा, नवा लावायचा आणि पुढे निघायचं. कल्पना सुरेख आहे. गोम एवढीच की या तुकड्याचे शेकडो आकार आहेत, आणि कित्येकदा एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचे हँगरही एकमेकांना लागत नाहीत. २०१९ साली अमेरिकेच्या स्रॅम कंपनीने सगळ्यांना वापरता येईल असा एक सामाईक आकार काढला. तो पसरतोही आहे, पण त्याआधीच्या असंख्य सायकली रस्त्यावर आहेतच.

आता हा तुकडा पुण्यात किंवा नाशकात मोडला असं समजा. गल्लीतल्या सायकलवाल्याकडे छर्रे मिळतील, कॉटर पिना मिळतील, ब्रेकचे रबर, ट्यूब, लुधियानाचं फ्रीव्हील, सगळं मिळेल. तुमच्या फ्रेमचा हँगर मिळणार नाही, आणि त्याने तो ठेवावा अशी अपेक्षाही चुकीची आहे. वर्षातून एखाद्या गिऱ्हाइकासाठी शेकडो तुकडे कोण भरून ठेवील? पण जर्मनीतल्या किंवा तैवानमधल्या एखाद्या गोदामात तो एका खणात पडलेला असतो. जगभरची गिऱ्हाइकं एकत्र केली की वर्षाला एकाच्या जागी हजार होतात, आणि मग खण भरून ठेवणं परवडतं. तुम्ही घरबसल्या बटण दाबता, काही आठवड्यांनी पोस्टमन पाकीट देतो, तुकडा जागेवर चपखल बसतो. टपालखर्च मात्र कधीकधी शेजारच्या जिल्ह्यातून कुरिअर मागवावं इतकाच. मला या व्यवहारातल्या दोन गोष्टींचं नवल वाटत आलं आहे. एक, तो भाग बसतोच कसा? आणि दोन, इतक्या स्वस्तात येतो कसा?

बसण्याची गोष्ट आधी. जगातल्या बहुतेक सायकलींचं पायडल ९/१६ इंच जाडीच्या आट्यांवर बसतं, इंचाला २० आटे. जपानी, इटालियन, लुधियानवी, सगळ्यांचं तेच. उजव्या पायडलचे आटे सुलटे, डाव्याचे उलटे. कारण पायडल मारताना पायाचा दाब आसाभोवती फिरत राहतो आणि आसाला विरुद्ध दिशेने कणाकणाने ढकलतो. दोन्हीकडे सुलटे आटे ठेवले तर डावं पायडल चालता चालता आपोआप सुटून येईल. चेनचंही तसंच. मूळचा स्विस पण मँचेस्टरला स्थायिक झालेला हान्स रेनॉल्ड याने १८८० मध्ये रोलरची चेन काढली. आज एका गिअरची सायकल घ्या की बारा गिअरची, चेनच्या एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर अर्धा इंचच भरतं. रुंदी बदलली, धातू बदलला, अर्धा इंच तसाच राहिला. मीटर-सेंटीमीटर वापरणाऱ्या जपानलाही तो बदलता आला नाही.

याहून मजा पायडलांच्या मधल्या आसाची, म्हणजे बॉटम ब्रॅकेटची. त्याचं सर्वांत रूढ माप आहे १.३७ इंच व्यास, इंचाला २४ आटे, आणि नाव आहे बीएसए. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, १८६१ साली निघालेली बंदुकांची कंपनी. बंदूक बनवणाऱ्याला बारीक, तंतोतंत आटे पाडता येतात, आणि सायकलला तेच लागतं. फ्रान्समधलं सेंत-एतिएन हेही बंदुकांचं गाव, तिथेही सायकली झाल्या. जपानमधलं साकाई शहर एके काळी बंदुका आणि सुऱ्यांसाठी प्रसिद्ध होतं. तिथे १९२१ साली शोझाबुरो शिमानो यांनी कारखाना काढला आणि पहिला माल बनवला तो फ्रीव्हीलचा. पुढे हीच शिमानो कंपनी जगातली सर्वांत मोठी सुट्या भागांची उत्पादक झाली. इटलीने मात्र आपला हट्ट सोडला नाही. त्यांचं बॉटम ब्रॅकेट ३६ मिलिमीटर व्यासाचं, पण आटे इंचाला २४! व्यास मेट्रिक आणि आटे ब्रिटिश असा संकर आजही विकला जातो. जुनी इटालियन फ्रेम हौसेने घेतलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं.

म्हणजे वस्तू परदेशातून येऊन बसते ती दीडशे वर्षांपूर्वीच्या लोहारांनी आणि कारखानदारांनी ठरवून टाकलेल्या मापांमुळे. जिथे मापं ठरली नाहीत, तिथे फजिती. टायर हे त्याचं ठळक उदाहरण. बाजारात ज्याला '७०० सी' म्हणतात, जर्मनीत '२८ इंच' म्हणतात आणि डोंगरी सायकलवाले '२९' म्हणतात, त्या तिन्हींच्या रिमचा टायर बसतो त्या जागचा व्यास एकच, ६२२ मिलिमीटर. एकाच मुलाला घरात बंड्या, शाळेत कुलकर्णी आणि आजोळी बाळ म्हणावं, तसा हा प्रकार आहे. उलट, आपल्याकडच्या काळ्या उंच सायकलचं २८ बाय दीड म्हणजे ६३५ मिलिमीटर. तेव्हा बाबांची जुनी सायकल दुरुस्त करायला कोणी जर्मनीहून हौसेने '२८ इंची' टायर मागवला, तर तो तेरा मिलिमीटरने लहान येतो आणि कितीही ताणला तरी रिमवर चढत नाही. '२६ इंच' या नावाखाली तर ५५९, ५७१, ५८४, ५९० आणि ५९७ असे निदान पाच वेगळे व्यास नांदतात. उपाय सोपा आहे. टायरच्या कडेला '३७-६२२' असा जोडआकडा उठवलेला असतो. पहिला आकडा रुंदी, दुसरा व्यास. इंच विसरा, तो दुसरा आकडा जुळवा.

आता पैशाची गोष्ट. माल पूर्वेकडे बनतो, मग युरोपातल्या दुकानात स्वस्त का? एक कारण घाऊक खरेदी. सायकलचे मोठे कारखाने गिअर आणि ब्रेक हजारोंनी, साध्या खाकी खोक्यात उचलतात. उरलेला माल कमी दराने बाजारात उतरतो. समुद्रावरचा प्रवास तर जवळजवळ फुकटच म्हणावा. १९५६ च्या एप्रिलमध्ये माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूकदाराने 'आयडियल एक्स' जहाजावर ५८ पेट्या चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठवल्या. एरवी टनामागे ५.८६ डॉलर हमाली पडायची, ती १६ सेंटांवर आली. तैवानमधला गिअर हँबुर्गपर्यंत जातो तो या हिशेबाने.

दुसरं कारण कराचं. ब्रिटनमध्ये छापील किमतीत २० टक्के व्हॅट धरलेला असतो, पण माल देशाबाहेर जाणार असेल तर तो लागू होत नाही. १२० पौंडांची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा गिअरच्या चकत्यांचा संच, परदेशी गिऱ्हाइकाला १०० पौंडांत देता येते. 'टपाल मोफत' अशी पाटी लावणाऱ्या दुकानाला या वीस पौंडांत कितीतरी हातपाय पसरता येतात.

उत्तर आयर्लंडमधल्या बॅलिन्यूर नावाच्या खेड्यात एका जोडप्याने १९८४ साली सायकलचं छोटं दुकान काढलं. त्याचं पुढे चेन रिअ‍ॅक्शन सायकल्स झालं आणि एके काळी ते जगातलं सर्वांत मोठं ऑनलाइन सायकल दुकान म्हणून ओळखलं जाई. ऑस्ट्रेलियातले सायकलस्वार घराजवळचं दुकान सोडून तिथून माल मागवत, कारण हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आतल्या मालावर तेव्हा तिथे जीएसटी नव्हता. तो २०१८ च्या जुलैत लागू झाला. आपल्याकडचे ब्रेव्हेवाले, म्हणजे दोनशे-तीनशे-सहाशे किलोमीटरच्या राइड मारणारे, हेही या दुकानाचे गिऱ्हाईक. २०१६ मध्ये ते विगल या दुसऱ्या मोठ्या दुकानात विलीन झालं आणि २०२३ च्या ऑक्टोबरात दोन्ही मिळून दिवाळखोरीच्या व्यवस्थापनात गेली. मोफत टपालाचा तो सुकाळ संपला, असं म्हणायला हरकत नाही.

पण सगळ्यात नवलाची गोष्ट टपालाचीच आहे, आणि तिची सुरुवात सायकलींच्या सुळसुळाटाच्याही आधीची आहे.

१८७४ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात २२ देश जमले आणि जागतिक टपाल संघ स्थापन झाला. भारत त्यात १८७६ मध्ये आला. त्याआधी परदेशी पत्राला वाटेतल्या प्रत्येक देशाचा वेगळा आकार पडायचा. बर्नमध्ये ठरलं की पत्रांपुरतं हे सगळे देश मिळून एकच मुलूख मानायचा. तिकिटाचे पैसे ज्या देशात पत्र पेटीत पडलं त्यानेच ठेवायचे. पत्र पोचवणाऱ्या देशाला काही द्यायचं नाही. हे कसं काय चालायचं? तर पत्राला उत्तर येतं या भरवशावर. आज तुमचं पत्र आम्ही फुकट वाटलं, उद्या आमचं उत्तर तुम्ही वाटाल, फिटंफाट. माणुसकीचा एवढा भाबडा आणि एवढा टिकलेला करार दुसरा मला ठाऊक नाही. जवळपास शंभर वर्षं तो चालला.

भानगड अशी की गिअरला कोणी उत्तर लिहीत नाही. माल एकाच दिशेने जातो. टपाल संघाच्या नियमांत दोन किलोपर्यंतचं छोटं पाकीट पत्रांच्याच वर्गात मोडतं. त्याला स्मॉल पॅकेट म्हणतात. अडीचशे ग्रॅमची चेन, तेवढ्याच वजनाचा घडी घालता येणारा टायर, ब्रेकचे पॅड, हँगर, हे सगळं टपालखात्याच्या लेखी पत्रांच्याच बिरादरीतलं. (टायरला घडी पडते कारण त्याच्या कडेत लोखंडी तारेऐवजी केव्हलारचा धागा असतो. तार असती तर तो पाकिटात मावलाच नसता.) माल पाठवणारे देश आणि वाटणारे देश यांचा तराजू कलला, तेव्हा १९६९ च्या टोकियो अधिवेशनात ठरलं की ज्याला जास्त वाटावं लागतं त्याला वजनावर भरपाई द्यायची. नंतर विकसनशील देशांसाठी तिचे दर कमी ठेवले गेले. हेतू चांगला होता, गरीब देशांच्या टपालखात्यांवर बोजा नको.

पुढे चीन जगाचा कारखाना झाला, पण टपालाच्या दरपत्रकात बराच काळ तो सवलतीच्याच रांगेत होता. परिणामी शेन्झेनहून अमेरिकेतल्या गावात छोटं पाकीट पाठवणं हे अमेरिकेतल्याच एका गावातून दुसऱ्या गावात पाठवण्यापेक्षा स्वस्त पडू लागलं. दोन डॉलरचा सायकल-दिवा टपालासकट दोन डॉलरला मिळायचा तो यामुळे. ते पैसे कोणीतरी भरतच होतं, फक्त गिऱ्हाइकाच्या पावतीवर ते दिसत नव्हते. २०१८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेने संघ सोडण्याची नोटीस दिली. २०१९ च्या सप्टेंबरात जिनिव्हात तातडीचं अधिवेशन भरलं आणि तडजोड झाली: ज्यांच्याकडे टपालाचा लोंढा येतो त्यांनी आपला वाटपाचा दर स्वतः ठरवावा. अमेरिकेपुरतं हे १ जुलै २०२० पासून लागू झालं. अमेरिकेची तक्रार मला चुकीची वाटत नाही. ज्याने दारोदार हिंडायचं त्याला मजुरी मिळायला हवी.

या जुन्या संघाचा एक ठेवा आजही प्रत्येक पाकिटावर असतो, तो म्हणजे ट्रॅकिंगचा क्रमांक. आधी दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी देशाची दोन अक्षरं. नववा आकडा पहिल्या आठांवरून काढलेला असतो. आठ आकड्यांना क्रमाने ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणा, बेरीज करा, ११ ने भागा, बाकी ११ मधून वजा करा. उत्तर १० आलं तर ० धरा, ११ आलं तर ५. समजा क्रमांक १२३४५६७८ आहे. बेरीज २०४, बाकी ६, म्हणून नववा आकडा ५. टपालखात्यात कुणाच्या हातून एक आकडा चुकला तर यंत्राला बहुतेक वेळा लगेच कळतं. दुकानदाराने दिलेला क्रमांक नुसता थापेचा आहे का, तेही तुम्ही कागद-पेन्सिलीने तपासू शकता. गणित बरोबर आलं म्हणजे माल निघाला असं मात्र नाही.

खासगी कुरिअर वेगळ्याच तराजूने तोलतं. तिथे जागेलाही वजन असतं. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि बहुधा ५,००० ने भागायची; येईल ते किलो. खरं वजन आणि हे, यांत जे जास्त त्याचे पैसे. पुढचं चाक हातात धरलं तर किलोभरही नसतं, पण त्याचं खोकं ७० बाय ७० बाय २० चं, म्हणजे १९.६ किलो! कॅसेट मात्र १५ बाय १५ बाय ७ च्या डबीत मावते, ०.३ किलो. म्हणून परदेशी खरेदीत लहान, घट्ट आणि महाग वस्तू फायद्याची, आणि पोकळ, मोठी वस्तू तोट्याची. विमानाच्या पोटात हवा भरून न्यायला कोणी तयार नसतं. ते पोटही बहुतेक वेळा प्रवासी विमानाचंच. जगातला जवळजवळ अर्धा हवाई माल आपल्यासारख्या प्रवाशांच्या पायाखालून जात असे. २०२० मध्ये विमानं जमिनीवर बसली तेव्हा महिन्याभरात येणारी पाकिटं कुठल्या कुठे अडकून पडली, ती त्यामुळेच.

पाकीट भारतात उतरलं की कस्टम्स. मुंबईत बॅलार्ड इस्टेटमधलं फॉरेन पोस्ट ऑफिस हा त्यातला जुना टप्पा. बरेचजण इथे फसतात, कारण शुल्क नुसत्या वस्तूवर लागत नाही. वस्तूची किंमत, टपाल आणि विमा यांच्या बेरजेवर ते लागतं. त्या शुल्कावर अधिभार, आणि मग या सगळ्याच्या बेरजेवर आयजीएसटी. रीत कळण्यापुरते सोयीचे दर धरू: बेरीज ५,००० रुपये, शुल्क २० टक्के म्हणजे १,०००, त्यावर १० टक्के अधिभार १००, झाले ६,१००. त्यावर १८ टक्के आयजीएसटी १,०९८. एकूण ७,१९८. कुरिअरची हाताळणी वेगळीच. दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, तेव्हा मागवायच्या दिवशीचे पाहा. रीत तीच राहते. महाग टपाल निवडलं तर करही वाढतो, ही त्यातली खरी मेख.

'खोक्यावर भेट म्हणून लिहायला सांगा' असा सल्ला अजून कानावर येतो. तो विसरा. २०१९ च्या डिसेंबरात परकीय व्यापार महासंचालनालयाने भेटीच्या नावाखाली शुल्क चुकवून माल आणणं बंद केलं. अपवाद ठेवले दोनच: जीव वाचवणारी औषधं आणि राखी. राखीसोबतच्या भेटीला सूट नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिलं आहे! २०२० च्या नोव्हेंबरात सरकारने बंदी घातलेल्या ४३ अ‍ॅपमध्ये अलिएक्स्प्रेसही होतं, त्यामुळे स्वस्त चिनी सुट्या भागांची तीही वाट मिटली. जगभर हेच चाललं आहे. युरोपीय संघाने २२ युरोंच्या आतल्या मालाची करमाफी १ जुलै २०२१ ला काढली. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतची माफी २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्या देशांसाठी संपवली, आणि त्या गोंधळात भारतीय टपालखात्यालाही अमेरिकेकडची पाकिटं काही आठवडे थांबवावी लागली.

तेव्हा काय मागवावं? हँगर, कॅसेट, चेन, डिस्क ब्रेकचे पॅड, गिअरचा एखादा दुर्मीळ भाग, तेही इथल्या अधिकृत विक्रेत्याला विचारून झाल्यावर. कंपन्यांचे विक्रेत्यांशी करार असतात आणि काही माल अमुक देशात पाठवायचा नाही असं बंधन असतं, ते पैसे भरण्याआधी वाचा. हँगर मागवताना नावावर जाऊ नका. मोडका तुकडा आलेखाच्या कागदावर ठेवून फोटो काढा आणि भोकांमधलं अंतर जुळवा. मागवायचाच तर दोन मागवा, कारण दुसऱ्याचं टपाल जवळजवळ फुकट पडतं आणि सायकल पुन्हा पडणारच आहे. चाक, फ्रेम, हेल्मेट इथेच घ्या. आणि भाग आला की बसवायला गल्लीतल्या मिस्त्रीकडेच न्या. चाकाचा आउट काढणारा आणि हँगर सरळ करणारा हात कुठल्याच देशातून टपालाने येत नाही. तो सांगेल ती मजुरी घासाघीस न करता द्या.